वैतीकाकांची चौकट

फोन वाजला तेव्हा माझ्या समोरच्या पडद्यावर ती चौकट उघडलेली होती. लहानशी, राखाडी, मध्ये एक प्रश्न, खाली यस आणि नो अशी दोन बटणं. पलीकडून लॅबमधले सामंत बोलत होते. आमची लॅब आवाराच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे ते नेहमी इंटरकॉमच वापरतात. "अगं, ऐकलंस का? आपले वैती गेले. आज पहाटे... बाळकुमला, घरीच." मी "हं" म्हटलं. मी आणखी काही बोलेन म्हणून सामंत थोडा वेळ थांबले. मग त्यांनी फोन ठेवला. मी चौकटीकडे बघत राहिले. तिच्यासमोर माणूस कितीही वेळ बसून राहिला तरी ती थांबते, तिला घाई नसते. तिला थांबायला मी शिकवलं होतं आणि मला वैतीकाकांनी.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. शाळेतल्या निबंधांनंतर मराठीत इतकं सलग मी काही लिहिलेलं नाही. डोंबिवलीला आमच्या घरी मराठी पुस्तकांचं कपाट होतं, पण मला नन्सच्या शाळेत घातलं आणि ते कपाट आईबाबांचंच राहिलं. मला इंग्रजी छान वाचता येतं. बोलायची वेळ आली की मात्र दोन्ही भाषा पळून जातात. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे जे सांगायचंय ते माझ्या न बोलण्याबद्दलच आहे.

कोलशेतच्या आमच्या कंपनीत रंगांसाठी लागणारं रेझिन बनतं. मी तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा ऑफिसात दोनच कॉम्प्युटर होते, एक माझ्याकडे आणि एक वैतीकाकांकडे. काका मूळचे टायपिस्ट. तीसेक वर्षं टाइपरायटरवर काढलेली, त्यामुळे की-बोर्डवरही ते असे ठोसे मारायचे की टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरकत सरकत कडेला यायचा. बाळकुमच्या कोळीवाड्यातलं त्यांचं घर. त्या घरातून मॅट्रिक झालेले आणि ऑफिसात बसलेले ते पहिलेच. इंग्रजी बोलायचे नाहीत, पण पत्रातलं इंग्रजी त्यांच्या बोटांना येत होतं. कुठलाही कागद ते मोठ्याने वाचायचे आणि तोही विरामचिन्हांसकट. "डियर सर कॉमा, विथ रेफरन्स टू युवर ऑर्डर..." पहिल्या दिवशी मला हसू आलं. त्यांना ते दिसलं. "हस गो बाय," ते म्हणाले. "तुझ्या कॉन्व्हेंटात मनात वाचायला शिकवतात. मनात वाचलं की चुका मनातच राहतात."

त्यांचं मुख्य काम प्रमाणपत्रांचं होतं. मालाची गाडी निघते तेव्हा प्रत्येक बॅचबरोबर एक कागद जावा लागतो, माल किती दाट आहे, आम्ल किती, रंग कसा, असे पाचसहा आकडे असलेला. दाटपणा चुकला तर गिऱ्हाइकाच्या टाकीत सगळा घाणा गोठतो. सामंत ते आकडे आधी रजिस्टरात लिहायचे, नंतर लॅबलाही कॉम्प्युटर आला आणि ते एक्सेलच्या तक्त्यात भरू लागले. काका तो तक्ता छापून घ्यायचे, शेजारी ठेवायचे आणि वर्डमध्ये एकेक प्रमाणपत्र टाइप करायचे. सकाळपासून दुपारच्या चहापर्यंत हेच चालायचं. मध्येच तक्ता हातात घेऊन उठायचे आणि आवार ओलांडून लॅबमध्ये जायचे. दहा मिनिटांनी परत. कशाला जातात ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तंबाखू खायला.

कॉम्प्युटरबरोबर मदतीची जाडजूड पुस्तकं आली होती. ती वाचणारी ऑफिसात मी एकटीच. त्यात एक प्रकरण मॅक्रोवर होतं. आपण हाताने जे करतो त्याची यादी लिहून ठेवायची, म्हणजे यंत्र ते आपणहून करतं. आणि त्याच्या शेवटी अशी माहिती होती की एक्सेलमध्ये बसलेल्या मॅक्रोला वर्डलाही हुकूम देता येतात. ते वाचून माझ्या अंगावर काटा आला, खरंच. एक्सेल वर्डला उठवणार, आमचं प्रमाणपत्राचं पत्र उघडायला लावणार, पत्रात जिथे जिथे आकडा हवा तिथे मी ठेवलेली अदृश्य खूण शोधायला लावणार, तिथे तक्त्यातला आकडा ठेवणार, छाप म्हणणार आणि पुढच्या ओळीकडे वळणार. तीन आठवडे मी डबा खाऊन झाल्यावर तेच करत बसायचे. काका खुर्ची ओढून शेजारी बसायचे. "कोण कोणाला सांगतंय?" त्यांनी विचारलं. मी कसंबसं समजावलं, की मालक एक्सेल, काम करणारा वर्ड. ते विचार करून म्हणाले, "म्हणजे पागच की." पाग म्हणजे फेकायचं जाळं. दर रविवारी ते खाडीवर जाऊन पाग टाकायचे. "जाळं पडतं लांब, पन दोरी ह्या मनगटाला. तुझी दोरी कुठे बांधलीयस?" काकांना समजलं नाही असं मला वाटलं... खरं तर मलाच समजलं नव्हतं.

पहिल्यांदा मॅक्रो नीट चालला तेव्हा काकांनी एकच हट्ट धरला. वर्ड पडद्याआड ठेवलं तर काम लवकर होतं, खिडकी उघडतही नाही. ते म्हणाले, "नाय, मला दिसू दे." मी खिडकी दिसेल असं केलं. त्यांचं पत्र, त्यांनीच बसवलेला मायना, त्यांची कागदाच्या कडेला सोडायची जागा, आणि त्यात आपोआप उमटणारे आकडे. ते हात मांडीवर ठेवून बघत होते. एकदाच म्हणाले, "ठोसा न मारता."

साहेबांना दाखवलं तेव्हा चाळीस प्रमाणपत्रं चहा संपायच्या आत निघाली. केबिनमध्ये चारपाच जण होते. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सगळ्यांसमोर माझं कौतुक करत होतं आणि माझे कान तापले होते. मग साहेब हसत म्हणाले, "मग आता वैतींना काय काम?" सगळे हसले. काका दाराशी उभे होते, तेही हसले. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "यात माणसाची काही गरज उरते का गं?" तोवर मी सहा महिने त्यांच्या शेजारी बसले होते. ते प्रत्येक आकडा मोठ्याने वाचतात, मध्येच उठून लॅबमध्ये जातात, हे मला ठाऊक होतं. का जातात ते ठाऊक नव्हतं, पण निदान एवढं तरी मी सांगू शकले असते. मी नुसती मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे मलाही आज सांगता येणार नाही. साहेबांनी ती त्यांना हवी तशी घेतली.

पुढच्या महिन्यात काकांना गेटवर बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. काम काय, तर बाहेर पडणाऱ्या गाडीचा नंबर लिहायचा, चलनाला प्रमाणपत्र टाचायचं, फाटक उघडायला सांगायचं. जाताना त्यांनी टेबलाच्या खणातून टाचण्यांची डबी आणि जाड भिंगाचा चष्मा तेवढा घेतला.

आठवडाभराने दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. हातात चार कागद. "बाय, हे वाच. मनात नको." मी हळू आवाजात वाचू लागले. बॅच नंबर, तारीख, दाटपणा... दाटपणाच्या पुढे आकडा नव्हताच. तिथे डी आणि ओ अशी दोन अक्षरं होती. डिट्टो. सामंत रजिस्टरात लिहायचे तसंच, वरच्या ओळीतला आकडा पुन्हा लिहायचा नसला की खाली डिट्टो टाकायचे, आणि तीच सवय तक्त्यात आली होती. माझ्या मॅक्रोने ती दोन अक्षरं जशीच्या तशी उचलून मोठ्या आदराने प्रमाणपत्रात ठेवली होती. ज्याला एकच कागद मिळणार त्याने वर कुठे बघायचं? "गाडी थांबवलीय," काका म्हणाले. "ड्रायव्हर शिव्या देतोय. देऊ दे, मराठीत नाय देत. पटकन नवे काढ."

गेटवर त्यांना वाचायला कोणी सांगितलं नव्हतं. पण कागद हातात आला की त्यांना वाचल्याशिवाय राहवायचं नाही. त्या महिन्यात त्यांनी आणखी दोन गाड्या थांबवल्या. तिसऱ्या वेळी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. केबिनला काच आहे आणि माझं टेबल काचेला लागून. "वैती, तुम्हाला तिथे गाड्या सोडायला बसवलंय, अडवायला नाही." काका म्हणाले, "हो साहेब." माझ्या मांडीवर त्याच गाडीचे चुकलेले कागद होते, मी ते वहीखाली सरकवले. नंतर आवारात मी त्यांना गाठलं आणि विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? ते म्हणाले, "तू नवी हायस. तुझ्या नावावर पहिलीच चूक लागली तर ती कायम राहते. माझी दोन वर्षं उरलीत, मला कोण काय करतंय?" मग चष्मा पुसत म्हणाले, "तुला बोलावंसं वाटेल तेव्हा तू बोल. माझी जबरदस्ती नाय."

मी बोलले नाही. मी मॅक्रो दुरुस्त केला. डिट्टो दिसला की मॅक्रोने वर वर जायचं, खरा आकडा सापडेपर्यंत, आणि तो आणायचा. पाचसहा ओळींची भर. प्रमाणपत्रं स्वच्छ निघू लागली आणि मी समाधानाने गेटवर सांगायला गेले. काकांनी मला स्टुलावर बसवलं, डब्यातली सुकटीची चटणी आणि भाकरीचा तुकडा पुढे केला. "तुमच्यात चालत नसेल तर राहू दे," म्हणाले, पण डबा मागे घेतला नाही. मी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाने. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "आता डिट्टो येनारच नाय?" मी म्हटलं, नाही. "कसा काय?" मी सांगितलं.

"बाय, सामंत वाईट माणूस नाय," ते म्हणाले. "पन त्याचा डिट्टो दोन जातींचा. एक, मोजलं आणि तेवढंच आलं. दुसरा, सकाळी तेवढंच आलं होतं तर आत्ताही तेवढंच असनार, कशाला मोजा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. मी काय करायचो, उठायचो आणि जाऊन विचारायचो. हा कुठला डिट्टो? तो खोटं नाय बोलत. समोर जाऊन विचारलं तर खरं सांगतो, मग गपचूप मोजतो." एवढी वर्षं ते आवार ओलांडून कशाला जात होते ते मला तेव्हा कळलं. "आधी निदान कागदावर डिट्टो दिसत तरी होता, मी गाडी थांबवत होतो. आता तू तो झाकलास. आता मला इथे बसून काय कळनार?"

हुशारीने केलेली चूक बिनहुशारीच्या चुकीपेक्षा वाईट असते, असं मी तेव्हापासून मानते. त्यांनी ते रागाने सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुझ्या यंत्राला थांबता येतं का?" येतं, मी म्हटलं. डिट्टो दिसला की थांबवता येईल, पडद्यावर चौकट आणता येईल, आपण यस म्हणेपर्यंत ते पुढे जाणार नाही. "मग थांबव. आणि विचार, विचारलंस का?" तोच मजकूर मी चौकटीत घातला. मराठी अक्षरं आमच्या कॉम्प्युटरवर नव्हती, म्हणून इंग्रजी लिपीत. पण चौकट तर माझ्याच पडद्यावर येणार होती. म्हणजे आता उठून, आवार ओलांडून, सामंतांसमोर उभं राहून विचारायचं होतं ते मी. माझ्या हे लक्षात आलं तेव्हा काका मान खाली घालून डबा बंद करत होते, पण त्यांच्या मिशा हलत होत्या. "दोरी बांधली बघ," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी लॅबच्या दारात मी पाच मिनिटं उभी होते. सामंतांनीच वर बघून विचारलं, "काय गं, वैतीने पाठवलं का?" मी म्हटलं, "नाही. चौकटीने." त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी मोजलं.

काका निवृत्त झाले त्या दिवशी कँटीनमध्ये समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब म्हणाले, "कोणाला दोन शब्द बोलायचेत का?" माझ्या पर्समध्ये चिठ्ठी होती. गाड्या त्यांनी का थांबवल्या ते तिच्यात लिहिलेलं होतं, इंग्रजीत, नीट, तीनदा कच्चं करून. मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. नंतर बस स्टॉपवर ते शाल बगलेत धरून उभे होते. "चिठ्ठी आनली होतीस," म्हणाले. मी ती त्यांच्या हातात दिली. तिथेच, रस्त्यावर, त्यांनी ती मोठ्याने वाचली, कॉमा आणि फुलस्टॉपसकट, माझं एक स्पेलिंग खिशातल्या पेनाने सुधारलं आणि घडी घालून परत दिली. "हे मला ठाऊक हाय. ज्यांना ठाऊक नाय त्यांना दे."

त्यानंतर भेट एकदाच झाली, यंदा दिवाळीनंतर, बाळकुम नाक्यावर. ते बरेच वाळले होते. पोटाचं काहीतरी आहे म्हणाले आणि विषय बदलला. खाडीत आता मासा उरला नाही, तरी पाग टाकायला जातो, खांद्याला व्यायाम, असं काहीतरी. मग विचारलं, "चौकट येते का अजून?" येते, मी म्हटलं. "विचारतेस ना?" मी म्हटलं, "हो काका." ते खरं नव्हतं. काम वाढलं होतं, सामंत आता चुकत नाहीत असं मी ठरवून टाकलं होतं, आणि महिनोन् महिने मी चौकट आली की न उठता यस दाबत होते. ते माझ्याकडे बघत होते. मोठ्याने वाचणाऱ्या माणसाला खोटं लगेच ऐकू येतं. ते एवढंच म्हणाले, "बस आली बघ तुझी."

त्या दिवशी, सामंतांचा फोन आला त्या दिवशी, दुपारी कँटीनमध्ये दोन मिनिटं उभं राहून झालं. साहेबांनी चार वाक्यं म्हटली. प्रामाणिक, वक्तशीर, हसतमुख. मग, प्रथेप्रमाणे, "कोणाला काही..." मी हात वर केला नाही, तेवढं सुचलंच नाही. बसल्या जागेवरून उभी राहिले. चिठ्ठी घरी होती. मी फार वाईट बोलले, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, आणि सगळ्यांना ऐकू गेलं असेल असंही नाही. मी म्हटलं, काकांनी गाड्या थांबवल्या त्या माझ्या चुकीसाठी. सर, तुम्ही विचारलं होतं की माणसाची गरज उरते का, तेव्हा मला सांगता आलं असतं, मी सांगितलं नाही. मग मी खाली बसले. बाहेर पडताना साहेब माझ्याजवळ थांबले. "मला हे कोणीच सांगितलं नाही गं," म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरंच होतं, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

टेबलाशी परत आले तर चौकट सकाळपासून तशीच उभी होती. गेटवर डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाची गाडी प्रमाणपत्रांसाठी खोळंबली होती, ड्रायव्हर मधून मधून हॉर्न देत होता. मी यसवर बोट ठेवलं, आणि काढलं. उठले. आवार ओलांडलं. सामंत खिडकीशी नुसतेच बसले होते. मी विचारलं, "सर, सत्तावीस नंबरच्या बॅचचा डिट्टो... तो कुठला डिट्टो आहे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न या शब्दांत त्यांनी दुसऱ्याच आवाजात ऐकलेला होता. "मोजलेलं नाही," ते म्हणाले. "आज सकाळपासून हातच चालत नाहीये." ते उठले, दाटपणा मोजायचा, तळाला भोक असलेला पेला त्यांनी स्टँडवर लावला, तो काठोकाठ भरला आणि स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. रेझिनची मधासारखी धार खाली पडू लागली. धार तुटायला जितका वेळ, तितका माल दाट; ती तुटली त्या क्षणी मी घड्याळ थांबवलं. मग मी घड्याळातला आकडा मोठ्याने वाचला, सामंतांनी तो लिहून घेतला. तक्त्यात वरच्या ओळीत होता त्यापेक्षा तो थोडा वेगळाच होता. गेटवरून पुन्हा हॉर्न वाजला. "थांबेल गाडी," सामंत म्हणाले.